साडेसदतीस सेंतावांचा तंगा

पोर्तुगीज अमदानीत म्हापशाच्या बाजारात रुपिया चाले. १६ तंग्यांचा एक रुपिया. पाव, अर्धा, पाऊण हा हिशोब अक्षरशत्रू खारवीणसुद्धा बोटांवर करी. १९५८-५९ साली सालाझारशाहीने रुपिया काढून एस्कुद आणला. एका रुपियाचे ६ एस्कुद, एका एस्कुदाचे १०० सेंताव. म्हणजे एका तंग्याचे साडेसदतीस सेंताव! आणि नव्या नाण्यांत सर्वांत लहान होते १० सेंतावांचे. चार तंग्यांचा माल असला तर दीड एस्कुद बरोबर बसे. पण तंग्याच्या बांगड्यांना साडेसदतीस कोण आणि कसे मोजणार? तीस घ्यावेत तर विकणारी बुडते, चाळीस मागावेत तर गिऱ्हाईक पुढे सरकते. शेकड्यांनी व्यवहार करणाऱ्या भाटकाराला ही अडचण नव्हती.

हे दुखणे एकट्या फिरंग्याचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, तेव्हा आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले आणि सरकारी कोष्टकाने आण्याला सहाच दिले. वेंगुर्ल्याला चार वेळा आण्याआण्याची मासळी विकणारीचा एक पैसा गेलाच. पण मोठा फरक असा की, हा पैसा रुपयाचा कितवा भाग ते त्याच्यावर नागरीत कोरलेले होते. मराठी शाळेत चार बुके शिकलेला पोर ते आईला वाचून दाखवू शके. आमच्या एस्कुदावर काय, तर ‘एस्तादु द इंदिया’! रापण ओढणाऱ्याने ते कुठे वाचावे? १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती आली. ते नाणे मोडीत निघाले याचे आम्हांस दुःख नाही.

आता तेच काम महागाई करते आहे. ३० जून २०११ पासून चार आणे व त्याखालची नाणी बंद झाली. आठ आणे मात्र कायद्याने आजही चालतात. दुकानदार ते घेत नाही, सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवतो. नारळ किंवा सुंगटे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला चॉकलेट देऊन पाहावे!

कोणती नाणी चालतात, याचा फलक प्रत्येक पंचायतीने आणि मासळी बाजाराने मराठीत लावावा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या सरकारी वापराला जागा आहे. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण हरले, म्हणून मराठी वाचणारा गोमंतकीय नाहीसा झालेला नाही. बांधवहो, येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि तोवर आठ आणे नाकारणाऱ्याला सरळ विचारा, कुठल्या कायद्याने?