वाटेतल्या तासाचे दाम

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातून घरोघरी जाऊन थ्रेडिंग-वॅक्सिंग करणारी भगिनी दर सांगते तो फक्त हाताच्या कामाचा. रिक्षाभाडे, क्रीम, दोन घरांमधला तास कोणी भरायचा? आपल्या रनिंग स्टाफची ड्युटी साइन ऑन ते साइन ऑफ दहा तास, हे सरकारने १९७३ च्या लोको संपानंतरच कबूल केले. फुकट नाही मिळाले!

ॲपवाल्यांकडे दरही कंपनीचाच. २०२१ मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या ब्युटीशियन भगिनी कमिशनविरुद्ध धरणे धरून बसल्या, तर कंपनीने त्यांच्यावरच दावा लावला. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यात कल्याण निधी आहे, किमान दर नाही. तेव्हा मोहल्ल्यातल्या भगिनींनी एकत्र बसून एकच दर ठरवावा, जाण्यायेण्याचे वेगळे. आणि आपल्या क्वार्टर्समध्ये दहा रुपयांसाठी चालणारी घासाघीस आधी बंद व्हावी.