तप्तकुंड : स्नान की स्वेदन?

नीरा-भीमा संगमावर श्रीक्षेत्र नरसिंहपूर येथे आलेला भाविक नदीत डुबकी मारतो, ते स्नान होय. तोच भाविक पुढे ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरीस जातो आणि अकलोली वा गणेशपुरी येथे तानसेकाठच्या कुंडात गळ्यापर्यंत बसतो, तेव्हा ते केवळ स्नान राहत नाही. तो अवगाहस्वेद होतो. हा भेद रुग्णास ठाऊक नसल्यास नवल नाही. परंतु 'गुडघे धरले आहेत ना, मग एकदा वज्रेश्वरीला जाऊन या' असे सहज सांगून मोकळे होणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनाही त्याचा विसर पडतो, ही चिंतेची बाब आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात वर्णिलेल्या तेरा अग्निस्वेदांत अवगाह आहे, आणि त्याच्या द्रवांत वातहर क्वाथ, दूध, तैल, घृत यांच्या जोडीला उष्णोदकही आहे. तेव्हा स्वेदनाचे पूर्वकर्म, मात्रा व निषेध हे सर्व नियम कुंडासही लागू होतात. त्याच अध्यायातील अस्वेद्यांच्या यादीत गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, नित्य मद्यपी, दुर्बल यांच्यासमवेत मधुमेही स्पष्टपणे सांगितला आहे. आमच्या बारामती-इंदापूर परिसरात संधिशूलाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रौढांपैकी कित्येक जण मधुमेहीही असतात. ज्याच्या पावलांस चप्पल निसटल्याचे कळत नाही, त्यास पाणी किती कढत आहे हे कसे कळावे? अशा रुग्णाच्या तळव्यावर उठलेला फोड महिनोन्महिने भरत नाही, हे व्रणचिकित्सा करणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

शिवाय सर्व कुंडे सारखी नाहीत. कोकणपट्टीतील झऱ्यांचे तापमान सुमारे ३५ पासून ७० अंश सेल्सिअसपर्यंत आढळते. दापोलीजवळचे उन्हवरे त्यांत अत्युष्ण गणले जाते. एकाच ठिकाणच्या शेजारशेजारच्या कुंडांतही फरक असतो. ज्यांस स्वेदन योग्य आहे अशांसही आम्ही ३८ ते ४० अंशांचे पाणी व दहा-पंधरा मिनिटांचा अवधी सांगतो. शीत, शूल, जडपणा शमला व अंगास मार्दव आले की बाहेर यावे. तृष्णा, दाह, भोवळ ही अतिस्वेदाची लक्षणे होत. डोके बुडवू नये. शिरावर उष्णोदक नेत्र व केशांस अहितकर, असे वाग्भटांनी सांगितलेच आहे. कोमट पाण्यातील नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो, हे आता त्यास जोडावे.

गंधकाविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वर येते. त्यासाठी जवळपास ज्वालामुखी लागत नाही की गंधकाची खाण लागत नाही. कोकणातील बहुतेक झऱ्यांच्या पाण्यात सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड हे प्रमुख घटक आढळतात. नाकास वास आला म्हणून जणू गंधक रसायनच विरघळले आहे अशा थाटात त्वग्रोग्यास तेथे धाडणे शास्त्रास धरून नाही. गुण येतो तो मुख्यतः उष्णतेचा, आणि वातकफज शूलात तो खरोखर येतो.

औषधालयांच्या मालकांस एक विनंती. यात्रेस निघालेले गिऱ्हाईक नारायण तैल वा महानारायण तैल मागते, अंगभर चोपडून थेट सामायिक कुंडात उतरते, आणि तेलाचा तवंग पुढच्या पन्नास जणांच्या वाट्यास येतो. स्नेहन आवश्यकच आहे. परंतु ते मुक्कामी करावे, अंग पुसून, साध्या पाण्याने धुऊन मग कुंडाकडे जावे. बाटली देताना एवढे सांगण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

जपानमध्ये १९४८ च्या उष्णझरे कायद्यान्वये स्नानगृहात पाण्याचे घटक व कोणी उतरू नये याची सूचना लावावी लागते. आपल्याकडे चरकाची यादी त्याहून कितीतरी जुनी आहे, पण ती ग्रंथात राहिली. आपल्या संघटनेने मराठीतून, ठळक अक्षरांत, एका पानाचे निषेधपत्रक तयार करावे. ग्रामपंचायती व देवस्थाने यांच्या संमतीने ते अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे लावावे. पावसाळ्यात तानसेस पूर असता पात्रालगतच्या कुंडात उतरू नये, हे वाक्यही त्यात असावे. पत्रकाचा मसुदा करण्यास आम्ही तयार आहोत. व्यवसायबंधूंनी आपापल्या सूचना पुढील अंकापूर्वी संपादकांकडे पाठवाव्यात.