कागद शोधणारा आणि कागद वाचणारा



तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे. समजा, या गावातील एका शेतकऱ्याच्या मुलीला पुढील शिक्षणासाठी दाखला हवा आहे. दाखल्याच्या अर्जासोबत तिच्या पणजोबांच्या जुन्या नोंदीची नक्कल जोडायची आहे. मुदत जवळ आली आहे. हा कागद कोठे सापडेल?

पूर्वी याचे उत्तर एकच होते. तहसील कार्यालयात जावे आणि लिपिक कापडी रुमालात बांधलेली दप्तरे सोडेपर्यंत वाट पाहावी. कागद सापडला तर नशीब! शिवाय कागदाची एकच प्रत असली, तर तिला आगीची आणि वाळवीची भीती असते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा अनेक फाइली जळून गेल्या.

आता कार्यालयांत संगणक आले आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ई-ऑफिस ही प्रणाली सरकारी कार्यालयांत वापरतात. फाइल कोणाच्या टेबलावर थांबली आहे, हे तिच्यात दिसते. जुन्या कागदांची छायाचित्रे काढून तीही संगणकात ठेवली जातात. ही फार चांगली गोष्ट आहे.

पण थोडे थांबा. आपल्या शेतकऱ्याने सांगितलेले नाव आणि १९४० हे साल लिपिकाने संगणकात टाकले. उत्तर आले, ‘नोंद सापडली नाही’. कागद तर संगणकात आहे! मग असे का झाले?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. कागदावर साल लिहिले आहे १३५०. हे फसली साल आहे. त्यात ५९० मिळवा, म्हणजे साधारण इसवी सन मिळेल. आता गावाचे नाव पाहा. उर्दूत शब्दाच्या मधली ‘ये’ कधी ‘ई’, कधी ‘ए’, तर कधी ‘ऐ’ वाचली जाते. म्हणून तेच अक्षर कोणी तेलगाव वाचेल, कोणी तीलगाव, तर कोणी तैलगाव. हे तुम्हांला लगेच समजले असेल. संगणकाला मात्र कोणीतरी ते सांगावे लागते. घाईघाईने लिहिलेले जुने शिकस्ता अक्षर वाचताना यंत्रही चुकते.

माझे मत असे आहे, की कार्यालयातील संगणकाने दोन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत. पहिला प्रश्न, कागद कोठे आहे? त्यासाठी प्रत्येक छायाचित्राजवळ गाव, व्यक्तीचे नाव आणि दोन्ही साले लिहिलेली हवीत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही सांगतो, की सरकारी अभिलेखांची नीट सूची करावी. दुसरा प्रश्न, हा कागद कोण वाचू शकेल? कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव आणि हुद्दा असतो. त्यापुढे ‘उर्दू वाचता येते’, ‘मोडी वाचता येते’ एवढे लिहिले, तरी किती काम सोपे होईल! धारूरचा लिपिक बीडच्या सहकाऱ्याला कागदाचे चित्र पाठवील आणि मुदतीच्या आत उत्तर मिळवील.

काही जण म्हणतील, ‘सर्व उर्दू कागदांचे एकदाच मराठी भाषांतर करून टाका, म्हणजे काम संपले.’ भाषांतर अवश्य करावे. परंतु त्यातही चूक होऊ शकते. एक अक्षर चुकले, तर एखाद्याचा हक्क जाऊ शकतो. म्हणून मूळ कागद वाचून खात्री करणारा माणूस नेहमी लागेल. त्याच्या कामाला वेळ आणि मोबदलाही मिळाला पाहिजे. सर्वांचे कागद फुकट वाचत बसण्याचा भार एकट्यावर टाकणे योग्य नाही.

ही गरज खरी आहे. २०२३ साली कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी मराठवाड्यातील निजामकाळातील कागद चाळताना उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली.

मित्रांनो, कागद, दप्तर, अर्ज, नक्कल, तहसील हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठीही शिकता. उद्या त्या मुलीचा अडलेला कागद तुमच्यापैकीच कोणी वाचून देईल. कार्यालय यंत्र विकत आणू शकते, पण वाचणारा माणूस शाळेतच तयार होतो.

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, घरात एखादा जुना उर्दू कागद आहे का? असेल, तर त्यावरील गाव, नाव आणि साल मराठीत वहीत उतरवून घ्या. तुमच्या घरातल्या सूचीची ती पहिली ओळ होईल.