खातिरदारी मोठ्या मनाने, दर मात्र पूर्ण आणि आधी

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बाणकोट, दाभोळ या भागांतील आपल्या मोहल्ल्यांत कुलूपबंद घरे जागोजागी दिसतात. मुले आखातात, काही कुटुंबे मुंबईत, आणि मागे राहिलेले म्हातारे आईवडील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळी-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्नावर यायला वर्षे लागतात. अशा वेळी दलाल दारात येतो आणि वाडवडिलांची जागा विकली जाते.

विकण्याआधी एका धंद्याचा विचार करावा, असे आमचे मत आहे. राहत्या घरातच तीन-चार खोल्यांचे छोटे अतिथिगृह. राहणे, न्याहारी, दोन वेळचे जेवण, चहा, सारे एकाच दरात. ही कल्पना नवी नाही. १९५० साली बेल्जियमच्या जेरार ब्लिट्झ यांनी मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड सुरू केला, तोही राहणे-खाणे-खेळणे एकाच रकमेत देऊन. सुरुवात तंबूंतून झाली, महालातून नव्हे.

कायदाही जुन्या घराच्या बाजूने आहे. किनाऱ्यालगत नवे बांधकाम करायचे तर अनेक बंधने आड येतात. पण १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत, जोत्याचे क्षेत्रफळ, घराची रचना आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिकांनी आपल्या घरात पाहुणे ठेवण्यास वाव दिला आहे. राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजनाही आहे. तेव्हा जांभ्याची भिंत पाडून सिमेंटचा मजला चढवण्याची घाई करू नये. जांभा, कौले आणि पडवी यांमुळे घर थंड राहते आणि विजेचे बिल वाचते. शिवाय दुरुस्तीचे काम गावच्या गवंड्याला, सुताराला मिळते. शोषखड्डा मात्र विहिरीपासून लांब खणावा. विहीर बिघडली की धंदा संपला.

गिऱ्हाइकाची चिंता नको. मुंबई-पुण्याची कितीतरी मुस्लिम कुटुंबे सुट्टीला निघतात तेव्हा हलाल जेवण, नमाजपुरती स्वच्छ जागा आणि बायकांना मोकळेपणा शोधत असतात. दारूशिवाय हॉटेल चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे गिऱ्हाईक पाहिलेलेच नाही. इतर समाजाची कुटुंबेही तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले मच्छीचे कालवण आणि सांदण खायला आनंदाने येतात.

मग आपली माणसे यात का फसतात? कारण आपल्याला पाहुणा ठेवता येतो, पण दर सांगता येत नाही. पैशाचे बोलणे म्हणजे खातिरदारीला कमीपणा, असे वाटते. 'द्या तुमच्या मर्जीने' म्हणायचे, किंवा शेजाऱ्यापेक्षा शंभर कमी सांगायचे, आणि ताटात मात्र सुरमई वाढायची. वर्षभराने वहीत शिल्लक काहीच नसते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, दोन माणसांच्या एका खोलीचा दिवसाचा किराणा, मच्छी व दूध मिळून खर्च ९०० रुपये. धुलाई, वीज, गॅस ३००. बहुतेक जण इथेच थांबतात. १२०० खर्च, १५०० दर, ३०० सुटले! पण वरकामाच्या माणसाच्या मजुरीचा वाटा २५० धरला, स्वयंपाक करणाऱ्या घरच्या बाईची मजुरी ३५० धरली, दुरुस्ती आणि पावसाळ्यातले रिकामे महिने यांसाठी ५०० बाजूला ठेवले, तर खरा खर्च २३०० होतो. म्हणजे १५०० दर लावणारा रोज ८०० रुपये गमावतो. ते कोण भरतो? पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे उभी असलेली त्याची बायको, आई किंवा भावजय. आणि वाण्याची उधारी.

हा प्रश्न नुसत्या नफ्याचा नाही. मजुरी वेळेवर आणि पूर्ण देण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे, आणि बाईच्या कमाईवर तिचाच हक्क मानला आहे. बाजारातून आचारी आणला तर त्याला पगार देतो. मग घरच्या बाईचे श्रम फुकट कसे? पाहुण्याची वाहवा मालकाने घ्यायची आणि तिच्या हाती काही नाही, या धंद्यात बरकत येईल कशी? तिची मजुरी दरात धरावी आणि दर महिन्याला तिच्या हातात द्यावी.

व्यवहारात संदिग्धता नको, हे आपल्या व्यापाराचे मूळ तत्त्व आहे. दर आधी, लेखी आणि पूर्ण असावा. त्यात काय येते, काय येत नाही, मुलांचे किती, होडीच्या सफरीचे वेगळे की नाही, हे पाहुणा निघण्यापूर्वीच कळवावे. एकदा दर ठरला की मग हात आखडू नये. दुसरी भाकरी, तिसरा चहा मोजू नये. दर पूर्ण असेल तरच मन मोठे ठेवणे परवडते.

इस्राफ मात्र टाळावा. दहा पदार्थ मांडून सहा फेकण्यापेक्षा रात्रीच विचारून सकाळी तेवढीच मच्छी घ्यावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुकी मच्छी, गावठी कोंबडी, रानभाज्या द्याव्यात आणि तसे आधीच सांगावे. बाटलीबंद पाण्याऐवजी उकळून गाळलेले पाणी माठात ठेवावे.

कराचेही लक्षात घ्या. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. पण चादरी, साबण, सामान यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा.

व्याजाचे कर्ज काढून दहा खोल्या बांधण्यापेक्षा आखातातल्या भावाशी लेखी भागीदारी करून दोन खोल्यांनी सुरुवात करावी. वर्षभर वही चोख ठेवावी, त्यात स्वयंपाकघराचे पान वेगळे असावे. ते पान नफ्यात दिसले तरच तिसऱ्या खोलीला हात घालावा. घर राहील, गावात रोजी राहील आणि इन्शाअल्लाह मुलांना परत यायला जागाही राहील.