वकिलीची उमेदवारी कोणाच्या दारी?

वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालयाची जोड असावीच लागते. रुग्णाच्या खाटेपाशी कधीही उभा न राहिलेल्या डॉक्टरच्या हाती कोणी आपली नाडी देणार नाही. परंतु माणसाचे स्वातंत्र्य, राहते घर आणि थकलेली मजुरी ज्याच्या हाती सोपवावयाची, तो वकील मात्र एकाही पक्षकाराचे काम स्वतः न हाताळता पदवीधर होऊ शकतो.

कागदावर पाहिले तर उणीव काहीच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र आवश्यक ठरविले. प्रात्यक्षिकाची अनिवार्य प्रश्नपत्रिकाही आहे. तिच्यात विद्यार्थ्याने वकिलाच्या किंवा विधी सहाय्याच्या कार्यालयात पक्षकाराच्या दोन मुलाखती पाहावयाच्या आणि रोजनिशीत नोंदवावयाच्या. त्याला पंधरा गुण. अर्ज कसा तयार होतो व कसा दाखल होतो तेही पाहावयाचे. आणखी पंधरा गुण. दोन खटल्यांचे कामकाज पाहावयाचे, तीस गुण. थोडक्यात, ही बघ्याची परीक्षा झाली. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची उमेदवारी सक्तीची आहे. पण ती कंपनीत केली काय, बड्या लॉ फर्ममध्ये केली काय किंवा स्वयंसेवी संस्थेत केली काय, नियमाच्या लेखी सारखीच. ज्याच्या वडिलांची ओळख मोठी त्याची उमेदवारी मोठ्या दालनात, आणि तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याच्या हाती ओळखीच्या वकिलाचे प्रमाणपत्र.

केंद्रांचे काय होते, हे वस्तीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा फलक लागतो, पत्रके वाटली जातात, छायाचित्र निघते. नवऱ्याने टाकलेली बाई पोटगीचे विचारते, तिला कलम सांगितले जाते. पुढल्या वर्षी नवी तुकडी येते, बाई तिथेच असते.

हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा नव्हे, रचनेचा आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार नोंदणी न झालेल्याला न्यायालयात वकिली करता येत नाही. फार तर न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती परवानगी देऊ शकते. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकालाही बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलीस मज्जाव आहे. वकिली करणारा मनुष्य १९७९ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवू शकतो; तो व्याख्यान देतो आणि निघून जातो. म्हणजे केंद्रात जो बसतो त्याला न्यायालयात उभे राहता येत नाही, आणि ज्याला उभे राहता येते तो केंद्रात बसत नाही.

मेलबर्नच्या स्प्रिंगवेल या उपनगरात, स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या वस्तीत, १९७३ मध्ये कायदा सेवा केंद्र उघडले आणि मोनॅश विद्यापीठाने त्याला आपल्या अभ्यासक्रमाशी जोडले. तेथे विद्यार्थी आलेल्या माणसाची हकिगत स्वतः ऐकतो, कागद पाहतो, आतल्या वकिलाशी विचारविनिमय करतो आणि मगच सल्ला देतो. पत्र तो लिहितो. त्याची जबाबदारी वकिलाची. या कामाला पदवीत स्थान आहे, ते उपकाराचे काम नाही.

आपल्याकडे याला कायद्याचा आधार नाही असे नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत अनुच्छेद ३९-अ आला, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम ४ ने राष्ट्रीय प्राधिकरणावर बार कौन्सिलशी विचारविनिमय करून असे शिक्षण विकसित करण्याचे काम सोपविले. प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहेत. त्यांतील एकेकाची पुरेशा वेतनावर महाविद्यालयाच्या केंद्रात नेमणूक झाली तर वरची गाठ सुटते.

तुरुंगाचे उदाहरण घ्यावे. देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत कच्च्या कैदेत काढली की त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. इतरांच्या बाबतीत निम्म्या मुदतीनंतर सुटकेचा प्रश्न येतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळले आहेत. एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यालाही हा लाभ नाही. अटकेची तारीख, लावलेले कलम, दुसरा खटला, आरोपीमुळे झालेला विलंब हे सारे शोधून दिवस मोजणे हे विद्यार्थ्याला जमणारे काम आहे. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करावयाचा आहे. तो झाला की नाही हे विचारणारे मात्र कोणीतरी हवे. असे दहा कैदी ज्याने मोजले, त्याला फौजदारी प्रक्रिया पुन्हा शिकवावी लागणार नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. गरिबाचा खटला म्हणजे शिकाऊंनी हात बसविण्याची जागा काय? सरकारी रुग्णालयात गरिबाचे शरीर हाच वर्ग असतो आणि शिकून तयार झालेला हात खासगी दवाखान्यात जातो. वकिलीत तेच घडू शकते. म्हणून अटी सैल ठेवून चालणार नाही. पक्षकाराची समजून घेतलेली संमती हवी, गुप्तता हवी, प्रत्येक कागदावर जबाबदार वकिलाची सही हवी. केंद्राच्या समितीवर घरकामगार, हमाल, बांधकाम मजूर यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत. केवळ प्राचार्य व न्यायाधीश नकोत.

पक्षाच्या शाखांनी आपल्या गावच्या विधी महाविद्यालयात जाऊन विचारावे: केंद्रात आज किती माणसांच्या फायली चालू आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत विद्यार्थी परीक्षेला व गावी गेल्यावर त्या कोणाच्या हाती असतात?