डोळ्याबद्दल बोलायचे नाही!

गोष्ट १९८७ सालची. नागपुरात, महालातल्या आमच्या वाड्यात दूरदर्शन संच तेवढा आमच्याकडे. त्यामुळे रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले, की ओसरी पायरीपर्यंत भरायची. त्या दिवशी मंथरा कैकेयीच्या कानाला लागली आणि आजीच्या हातातली वात वळायची थांबली. “मेलीनं घर बुडवलं!” ती म्हणाली. शेजारच्या काकूंनी री ओढली, “डोळा पाहा नं तिचा! खोट तिथंच दिसते.”

मालिका संपल्यावर वडिलांनी त्या डोळ्याची हकीकत सांगितली.

मंथरा झालेल्या ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. जन्म १९१६ चा. मूकपटांच्या काळात अगदी लहानपणीच त्या पडद्यावर आल्या आणि पुढे बोलपटांच्या नायिका झाल्या. पार्श्वगायन तेव्हा रुळायचे होते. नायिकेला रूपाइतकाच गळाही लागे, आणि बाई पडद्यावर स्वतः गात असत.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. हात भलताच जोरात बसला. चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचार झाले, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. ऐन पंचविशीतल्या नायिकेची नायिकागिरी एका चपराकीने संपली!

नायिकेची जागा गेली, पण बाईंनी पडदा सोडला नाही. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. पुढे ‘दहेज’पासून त्यांनी अशी सासू उभी केली, की घरोघरच्या सुनांना आपली सासू बरी वाटू लागली! गळ्यातले गाणे मागे पडले. पण त्याच गळ्यातून शब्द असा निघे, की समोरच्या सुनेआधी प्रेक्षकच दचके.

गंमत अशी, की तोच डोळा आणि तोच आवाज ‘श्री ४२०’मधल्या केळेवालीला मायाळू करून गेला. ‘अनाडी’तली (१९५९) मिसेस डिसा तर वरून फटकळ, आतून आई. त्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मग खोट डोळ्यात होती कुठे? ती होती आपल्या पाहण्यात. व्यंग दिसले, की आपण लगेच स्वभाव ठरवून मोकळे होतो. बाईंनी आपल्या या सवयीवर अर्धशतक संसार चालवला, आणि मधूनमधून ती सवय खोटीही पाडली.

वडिलांचे बोलणे आजीने मुकाट्याने ऐकले. पुढच्या रविवारी ओसरी पुन्हा भरली. मंथरा दिसताच शिव्याशाप सुरू झाले. त्यात आजीचा आवाज सर्वांत वर. मात्र काकूंनी तोंड उघडताच तिने हात वर केला.

“मंथरेला काय बोलायचं ते बोला. डोळ्याबद्दल बोलायचं नाही. तो त्या बाईचा आहे.”

ललिताबाई १९९८ साली पुण्यात वारल्या. दिवाळीच्या सुटीत त्यांचा एखादा जुना चित्रपट घरात लागलाच, तर त्या सासूला खुशाल नावे ठेवा. आजीचा नियम तेवढा पाळा.