उंच गाडी आणि पायी चालणारा

मोटार कोणती घ्यावी आणि मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि आवडीनिवडीचा आहे, असे मानण्याची रीत पडली आहे. पैसा ज्याचा, पसंती त्याची. इतरांनी त्यात नाक खुपसण्याचे कारण काय, असे विचारले जाते. परंतु वाहन ही घराच्या चार भिंतींत भोगायची वस्तू नव्हे. ते विकत घेणारा एकटा असतो. त्याला लागणारा रस्ता, त्याने अडविलेली जागा, त्याचा धूर आणि त्याच्या धडकेचा धोका मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो. म्हणून ही निवड खासगी भासली तरी तिचे परिणाम सार्वजनिक आहेत. समाजवादी कार्यकर्त्याने तो श्रीमंतांच्या हौसेचा विषय म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के गाड्या जीपच्या वळणाच्या, उंच आणि भारदस्त बांध्याच्या होत्या. चार दशकांपूर्वी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाची ती गाडी मध्यमवर्गाच्या आकांक्षांचे प्रतीक ठरली होती. आज त्याच वर्गाला दीड-पावणेदोन टन वजनाची गाडी ही सामान्य गरज वाटू लागली आहे. माणसांचे वजन वाढलेले नाही, कुटुंबे तर लहान झाली आहेत. मग गाडी का वाढली?

साहसाचा बाजार

याचे उत्तर जाहिरातीत सापडते. जाहिरातीतली गाडी कचेरीच्या दाराशी कधी उभी नसते. ती नदी ओलांडते, वाळवंट तुडवते, बर्फाच्या कड्यावर एकटीच उभी राहते. प्रत्यक्षात ती विकत घेणारा गृहस्थ वर्षाचे साडेतीनशे दिवस हडपसरहून हिंजवडीला किंवा ठाण्याहून अंधेरीला पहिल्या-दुसऱ्या गीअरमध्ये रखडत जातो, आणि उरलेल्या दहा-पंधरा दिवसांत महाबळेश्वर, भंडारदरा किंवा तारकर्लीला जाऊन येतो. या ठिकाणांना जाणारे रस्ते डांबरी आहेत. त्याच घाटांतून एके काळी कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी चढत होती आणि एसटीची लाल गाडी आजही पन्नास माणसे घेऊन चढते. दहा दिवसांच्या स्वप्नासाठी साडेतीनशे दिवसांचे ओझे माणूस आपल्या डोक्यावर घेतो, आणि त्या ओझ्याचे हप्ते सात सात वर्षे फेडतो.

मोटारसायकलीच्या बाजारातही हाच खेळ चालू आहे. ९७ सीसीच्या, सुमारे ११२ किलोंच्या साध्या मोटारसायकलीने या देशाचे रोजचे काम केले. आता तरुणांपुढे ‘ॲडव्हेंचर’ नावाने जी यंत्रे मांडली जातात, त्यांत ४५२ सीसीची आणि १९६ किलो वजनाची हिमालयन मोडते. लडाखच्या खडकाळ वाटेवर ती उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याला ती वर्षातून एकदा तेथे न्यायची आणि बाकीचे दिवस कर्वे रस्त्यावर किंवा स्वारगेटच्या गर्दीत चालवायची आहे, त्याने कशाची किंमत मोजली? यंत्राची नव्हे, स्वतःविषयीच्या एका चित्राची! साहस ही माणसाच्या वृत्तीची गोष्ट होती. बाजाराने तिला वस्तूची गोष्ट केले.

खड्ड्यांना खासगी उत्तर

यावर एक प्रतिवाद केला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपले रस्तेच असे आहेत की जमिनीपासून उंच असलेल्या गाडीला पर्याय नाही, असे म्हटले जाते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, आणि २०२५ च्या गणेशोत्सवातही चाकरमानी अपुऱ्या रस्त्यावरूनच कोकणात गेला. पावसाळ्यात शहरांच्या सखल भागांत गुडघाभर पाणी साचते. अशा वेळी उंच गाडी घेणाऱ्याला चैनीखोर म्हणणे अन्यायाचे नाही काय?

गाऱ्हाणे खरे आहे. उपाय खोटा आहे. खड्डा हे सार्वजनिक अपयश आहे आणि उंच गाडी हे त्याला शोधलेले खासगी उत्तर आहे. ज्या वर्गाचा आवाज महापालिकेत आणि मंत्रालयात पोहोचतो, त्या वर्गाने पैसे मोजून खड्ड्याच्या वर बसण्याची सोय करून घेतली की खड्ड्याविरुद्ध ओरडणार कोण? पालिकेची शाळा मध्यमवर्गाने सोडली तेव्हा तिची जी गत झाली आणि सरकारी इस्पितळ सोडले तेव्हा त्याची जी गत झाली, तीच आता रस्त्याची होऊ घातली आहे. खड्डा उरतो, त्यात पडतो तो स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडणारा बाप आणि सायकलवरून दूध घालणारा पोऱ्या.

उंचीचा दुसरा हिशेब अधिक भयंकर आहे. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालत होती. म्हणजे दर तीन बळींपैकी जवळजवळ दोघे असे होते की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवचही नव्हते. मोटारीचे नाक ठेंगणे असेल तर धडक पायांवर बसते आणि माणूस बॉनेटवर फेकला जातो. नाक उंच आणि उभट असेल तर धडक छातीवर व डोक्यावर बसते आणि माणूस चाकांपुढे लोटला जातो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे अठरा हजार पादचारी अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेली वाहने, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा, पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते, असे त्यात आढळले. ज्या उंचीमुळे आतल्याला निर्धास्त वाटते, तीच उंची बाहेरच्याच्या जिवावर उठते. सुरक्षिततेची ही खरेदी नव्हे. हा धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे होय.

फटफटी ही चैन नव्हे

मात्र या विषयावर बोलताना पुरोगामी वर्तुळांतला एक सोवळेपणाही टाकून दिला पाहिजे. स्वयंचलित वाहन म्हणजेच चैन, अशी एक समजूत तेथे अजून टिकून आहे. परवाना-राज्याच्या काळात सरकारचीही तीच समजूत होती. तिचा परिणाम काय झाला? आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेल्या चेतक स्कूटरसाठी सामान्य कारकुनाने वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे, आणि ज्याच्यापाशी वशिला वा वरकड पैसा असेल त्याने काळ्या बाजारात ती तत्काळ उचलायची. टंचाईतून समता येत नाही. टंचाईतून फक्त दलाल जन्मतात.

आज गावोगावच्या आशा सेविकेचा नवरा, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, भाजीची पाटी घेऊन पहाटे बाजार गाठणारा शेतकरी, घरोघर डबे आणि पार्सले पोहोचविणारा तरुण, यांच्या दृष्टीने शंभर सीसीची मोटारसायकल ही रोजीरोटीची वाट आहे. पण ही त्यांची ‘निवड’ आहे, असे म्हणणे ही थट्टा होईल. तालुक्याच्या गावाहून सुटणारी मुक्कामाची एसटी बंद झाली की दुसऱ्या महिन्यात गावात चार मोटारसायकली हप्त्याने येतात, आणि ज्यांच्या घरी त्या येऊ शकत नाहीत त्या घरातल्या मुलींचे कॉलेज सुटते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कामगारांच्या संपाने हे सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेली ही गाडी ग्रामीण भागाची रक्तवाहिनी आहे, हे भाषणांतले वाक्य त्या महिन्यांत लोकांनी अनुभवाने वाचले.

कराचा उलटा तराजू

या सगळ्यात शासनाची भूमिका काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. मोठ्या एसयूव्हीवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक आकाराच्या इंजिनांच्या मोटारींवरचा, तसेच ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर १८ टक्के झाला. दुचाकीवरची सवलत रास्त आहे; कामगाराला ती मिळालीच पाहिजे. परंतु दहाहून अधिक माणसे वाहणाऱ्या बसवरचा करही २८ वरून १८ वर आला, म्हणजे तो छोट्या मोटारीच्या बरोबरीला आणून ठेवला. पन्नास माणसांना नेणारे वाहन आणि बहुधा एकट्या माणसाला नेणारे वाहन, दोघांना एकच माप!

‘छोटी मोटार’ या व्याख्येचे विडंबन तर नाशिकच्या थार जीपने पुरते केले आहे. तिची लांबी ३,९८५ मिलीमीटर. म्हणजे चार मीटरला १५ मिलीमीटर कमी. २०२३ मध्ये तिची १,४९७ सीसी डिझेल इंजिनाची, फक्त मागच्या चाकांना जोर देणारी आवृत्ती आली. चारही चाकांना जोर नाही, पण डोंगरी गाडीचा रुबाब शाबूत आणि करापुरती ती छोटी गाडी! कायद्याने लांबी मोजली, इंजिन मोजले. वजन मोजले नाही आणि पादचाऱ्याच्या छातीला भिडणारे नाक मोजले नाही. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंवरच्या मोटारींना वजनावर दंडकर लावला आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० किलोंवर आणली. पॅरिसच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग करण्याच्या बाजूने कौल दिला. भांडवलशाही देशांत जे होऊ शकते ते येथे अशक्य का ठरावे?

डोंगर कोणाचा?

राहिला प्रश्न मोकळ्या हवेचा. सुटीच्या दिवशी शहराबाहेर पडावे, कडेकपारी पाहाव्यात, ही इच्छा निरोगी आहे. कष्टकऱ्यालाही तिचा तितकाच हक्क आहे. पण ज्या निसर्गाच्या ओढीने जायचे त्याच्या अंगावर चाके घालण्याला निसर्गप्रेम म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलच्या चंद्रा नदीच्या पात्रातून एका हौशी गृहस्थाने जीप चालविली आणि पोलिसांनी त्याच्यावर दंड ठोठावला. कोकणच्या किनाऱ्यांवर पुळणीत गाड्या रुतण्याचे प्रकार वारंवार घडतात. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे ज्या वाळूत अंडी घालतात, ती वाळू चाकाखाली दडपली जाते, याची त्या चालकांना खंत नसते.

याउलट माथेरान पाहावे. तेथे मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे माणूस पायी चालतो, तरी पर्यटक येतातच. मोटार नसल्याने माथेरानचे काही अडले नाही. जे अडले ते वेगळ्या ठिकाणी. गाड्या बंद ठेवून माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा चालू राहिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. निसर्ग राखण्याची किंमत श्रमिकाच्या छातीतून वसूल करता येणार नाही, आणि श्रमिकाचे नाव पुढे करून डोंगर मोटारवाल्यांना आंदण देता येणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणे हेच समाजवादी विचाराचे काम आहे.

निवड कशी व्हावी?

तेव्हा ज्याला वाहन घेणे भागच आहे, त्याने ते रोजच्या कामासाठी निवडावे, सहलीसाठी नव्हे. मोटारसायकल अशी हवी की थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतील आणि आडवी पडली तर चालविणाऱ्याला एकट्याने उभी करता येईल. ब्रेक चाक न अडकविणारे असावेत आणि तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळावा. भारमान्य शिरस्त्राणाचे पैसे आधी बाजूला काढावेत, मग उरलेल्यात गाडी पाहावी. मोटार घेताना छताच्या उंचीपेक्षा धडक चाचणीचा निकाल वाचावा. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता. त्या बोभाट्यानंतरच नियम कडक झाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची चाचणी-व्यवस्था उभी राहिली. स्वस्त गाडीतल्या माणसाचा जीव स्वस्त नसतो, हे निर्मात्यांना ओरडून सांगावे लागले. दुर्गम वाटेवर जायचेच असेल तर तेथली चारचाकी तेथल्या चालकासह भाड्याने घ्यावी. वाट त्याला ठाऊक असते आणि पैसा त्याच्या गावात राहतो.

पण व्यक्तीचा शहाणपणा धोरणाची जागा घेऊ शकत नाही. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. सुखसोय वरच्या वर्गाकडून हिसकावून घ्यायची नसून ती बहुसंख्यांपर्यंत न्यायची असते, हा त्या छोट्याशा निर्णयातला मोठा अर्थ होता. आज त्याच अर्थाच्या मागण्या मांडल्या पाहिजेत. वाहनावरचा कर त्याच्या वजनाशी आणि नाकाच्या उंचीशी बांधा. त्यातून येणारा पैसा एसटीच्या आणि शहर-बसच्या ताफ्याला द्या. बंद पडलेल्या मुक्कामाच्या गाड्या पुन्हा सुरू करा, आणि शनिवार-रविवारी गडांच्या पायथ्याच्या गावांपर्यंत जादा गाड्या सोडा. पदपथ मोकळे करा आणि नदीपात्र, पुळण व पठारे चाकांना बंद करा.

प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने आपल्या आगारातून गेल्या पाच वर्षांत कोणत्या फेऱ्या बंद झाल्या, त्याची यादी करावी आणि ती घेऊन आगारप्रमुखापुढे उभे राहावे. जी गाडी सगळ्यांना नेते तिच्यासाठी भांडणारे कोणी नसेल, तर रस्ता उंच गाड्यांचाच होणार आणि पायी चालणाऱ्याला त्याच्या कडेलाही जागा उरणार नाही.